दोन शिट्ट्या वाजल्या की रंग बदलायचा

सुजाताबाई कांबळे यांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून हे पुस्तक निघतंय. त्यात बाईंच्या शाळेतले शिक्षक लिहिणार, जुने खेळाडू लिहिणार. मी बाईंच्या पोरींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर, दीपाली. नववीनंतर माझी शाळा सुटली, त्यामुळं बोलते तसंच लिहिते. बाईंची आणि माझी ओळख कशी झाली, तिथनंच सुरू करते.

मंगळवार पेठेत एका डंकावर मी कामाला हाय. लोक मिरची, धने, खोबरं आणतात, आम्ही कांडून चटणी करून देतो. उन्हाळ्यात तिथं मशीनच्या वर आवाज काढल्याशिवाय कुणाला काय ऐकू जात न्हाय, आणि मला तर आवाजच काढता यायचा न्हाय. बाई चटणी कांडायला आलत्या. रांगेत उभ्या राहून त्यांनी विचारलं, "काय गं नाव तुझं?" मी सांगितलं. त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं. त्यांनी आणखी एकदा विचारल्यावर मी मान खाली घातली.

"मान कशाला खाली घालतीस? तू सांगितलंस की. मशीननं ऐकू दिलं न्हाय," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी मैदानावर ये. तिथं सांग."

मालकीण हसल्या. "अवो बाई, तिच्या तोंडातनं शब्द फुटत न्हाय, तिला कुठं फुटबॉलला नेताय?"

"फुटबॉल पायानं खेळत्यात वहिनी," बाई म्हणाल्या आणि डबा उचलून गेल्या.

मी गेले. नाव सांगितलं. बाईंनी मला गोलात उभं केलं आणि म्हणाल्या, "इथं एकच शब्द बोलायचा. बॉल आपण धरणार असं वाटलं की 'माझा' म्हणायचं. बाकी दिवसभर गप बसलीस तरी चालंल." मला ते झेपण्यासारखं वाटलं. तरी तो एक शब्द माझ्या तोंडातनं मोठ्यानं यायला लई दिवस गेले. बाईंनी त्यावरून मला एकदाबी टोकलं न्हाय.

बाईंच्या सरावात एक गोष्ट अशी हाय जी मी दुसऱ्या कुठल्या मैदानावर बघितली न्हाय. त्यांच्याकडं जर्सीवर घालायची जाळीची बनियनं असतात, अर्धी तांबडी आणि अर्धी पिवळी. तांबडा आमच्या तालमीचा रंग, पिवळा पलीकडच्या पेठेतल्या तालमीचा. कोल्हापुरात तालमीचा फुटबॉल संघ म्हणजे घरातलं माणूस. मॅचच्या दिवशी आमच्या गल्लीत कोण पिवळं फडकंबी वाळत घालत न्हाय. बाई दोन्ही रंग वाटून देतात, खेळ रंगात आला की दोन शिट्ट्या मारतात, आणि ज्यांच्याकडं बोट करतील त्यांनी बनियन बदलायचं. मगापर्यंत जिला धक्के मारत होतो, तिलाच पास द्यायचा.

एकदा सानिकानं पाय घातला आणि आमची कॅप्टन ऋतुजा पडली. ऋतुजाकडच्या सगळ्या ओरडल्या, "फाउल!" सानिकाकडच्या ओरडल्या, "नाटक करतीया!" पार झिंज्या उपटायची वेळ आली. बाईंनी दोन शिट्ट्या मारल्या. त्या दोघी सोडून सगळ्यांना बनियनं बदलायला लावली आणि म्हणाल्या, "आता परत तसंच खेळा." सानिकानं परत तसाच पाय घातला, ऋतुजा परत तशीच पडली. आणि ज्या मगाशी फाउल म्हणून बोंबलत होत्या, त्याच आता म्हणायला लागल्या, "नाटक करतीया!" म्हणता म्हणता त्यांच्याच ध्यानात आलं. अर्ध्या पोरी पोट धरून खाली बसल्या. बाईंनी काय भाषण दिलं न्हाय. म्हणाल्या, "जावा, पाणी प्या."

बाई घरी पहिल्यांदा आलत्या ते मला सरावाला रोज पाठवा म्हणून सांगायला. आम्ही मूळचे राधानगरीकडचे शेतकरी. पप्पा शाहूपुरीत टेम्पो चालवतात. आईनं चहा टाकला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या म्हणायच्या?" आमच्यात हा प्रश्न गाव विचारायला करत न्हाईत.

"मी सेंटर हाफ," बाई म्हणाल्या.

आई बघतच राहिली, मैदानातली जागा तिला काय कळणार. बाई हसल्या. "बौद्ध हाय मी, वहिनी. चहा कपात द्यायचा का ग्लासात, ते आता ठरवा."

आईनं कपच पुढं केला. पण जरा थांबून केला. ते बाईंनीबी बघितलं आणि मीबी. बाईंनी चहा प्याला, चांगला झालाय म्हणाल्या, आणि विषय माझ्यावर आणला. आई म्हणाली, "पोरगी उन्हात काळी पडाय लागलीया. उद्या कोण करून घेणार हिला?"

"डंकावर मिरचीत तांबडी पडतीया, ती चालती व्हय?" बाई म्हणाल्या. आईला हसू आलं. दुसऱ्याच दिवशी बाईंनी मालकिणींना सांगून मला मॅचच्या आदल्या दिवशी मिरचीवरून काढून धन्यावर बसवायचं ठरवलं, कारण हात चुरचुरत असले की बॉल सुटतो हे त्यांनी बघितलं होतं. मी त्यांना काय सांगितलं नव्हतं.

आई मऊ झाली, पण पप्पा न्हाय. पप्पा तालमीचे जुने खेळाडू. त्यांचं म्हणणं एकच, "गोल सांभाळायला काळीज लागतंय, पोरीच्या जातीला ते नसतंय." सरावाला ते काय म्हणत नव्हते. पण मोठ्या मैदानावर पुरुषांच्या फायनलच्या आधी पोरींची मॅच ठेवायचं ठरलं, आमची पेठ आणि पलीकडची पेठ, तेव्हा मात्र त्यांनी साफ सांगितलं, "अख्ख्या कोल्हापुरापुढं माझी पोरगी लोळायला जाणार न्हाय." मला ती मॅच खेळायचीच होती. आयुष्यात दुसरं काय मी एवढं मागितलं नव्हतं, आणि तेबी मला तोंडानं मागता येत नव्हतं.

आता मनूचं सांगायला पाहिजे. मनू म्हणजे इमॅन्युएल, नायजेरियाचा स्ट्रायकर. गेल्या साली तो आमच्या तालमीकडनं खेळला. त्याच्या गोलवर आम्ही जिंकलो तेव्हा पप्पांनी त्याला खांद्यावर घेऊन गल्लीभर नाचवलं. आमच्या घरी जेवायला यायचा. "मावशी, तांबडा रस्सा वाढा की," एवढं मराठी त्याला आईनं शिकवलं, आणि शिव्या गल्लीतल्या पोरांनी शिकवल्या. यंदा तो पलीकडच्या पेठेकडनं खेळतोय.

फायनलच्या आधी त्यांची दुसऱ्याच एका संघाबरोबर मॅच होती. आम्ही पोरी बाईंबरोबर बसलो होतो, पुढच्या पायऱ्यांवर पप्पा आणि त्यांचे मित्र. मनूच्या पायात बॉल आला आणि आमच्या बाजूनं सुरू झालं. "ए काळ्या!" माकडाचे आवाज. पप्पांचा आवाज त्यात सगळ्यात मोठा. मनूनं वळून बघितलं. आवाज त्याच्या ओळखीचा होता.

बाई उठल्या आणि पायऱ्या उतरून पप्पांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"दादा, गेल्या साली ह्यालाच खांद्यावर घेतलंतासा न्हवं?"

"तवा आमचा होता वो बाई."

"तवा काळा नव्हता व्हय?"

पप्पांचे मित्र खो खो हसले. पप्पा तांबडेलाल झाले. "खेळात चालतंय असलं. तुम्हाला न्हाय कळायचं, तुम्ही बायका."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग उद्या आमच्या खेळात या. का पोरींपुढं खेळायला काळीज न्हाय?"

एवढ्या लोकांत म्हटल्यावर पप्पांना यावंच लागलं. दुसऱ्या दिवशी ते मैदानावर आले, बाईंनी त्यांच्या हातात पिवळं बनियन ठेवलं.

"हे न्हाय घालणार. तांबडं द्या."

"तांबडी संपली."

"मी उघडा खेळतो मग!"

"पोरींचा सराव हाय दादा. घाला, न्हायतर बसा."

पप्पांनी ते दोन बोटांनी असं धरलं जसं काय त्याला वास येतोय. घातलं. ऋतुजानं चेष्टेनं शिट्टी मारली तर तिच्याकडं डोळे वटारून बघितलं. मी तांबड्यात, गोलात. पप्पांनी लांबनं सणसणीत किक मारली. मी उजवीकडं झेपावून धरली. पप्पा लगेच म्हणाले, "पोरगी हाय म्हणून हळू मारली." थोड्या वेळानं परत मारली, परत धरली. "ऊन डोळ्यावर आलं."

बाईंनी दोन शिट्ट्या मारल्या आणि पप्पांकडं बोट केलं. पप्पा आता तांबड्यात, म्हणजे माझ्याच बाजूला. कॉर्नर आला, मी उडी मारून वरच्या वर धरला आणि सानिका येऊन मला धडकली. पप्पा धावत आले. "ए, आमच्या कीपरला धक्का मारतीस व्हय! बघितलंस का कसा धरला पोरीनं? असलं काळीज लागतंय!"

बाई पप्पांकडं बघत राहिल्या. पप्पांनी अंगातल्या बनियनाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही लई बेरकी आहात."

"सेंटर हाफला असावं लागतंय," बाई म्हणाल्या.

घरी जाताना टेम्पोत पप्पांनी आधी आरसा नीट केला. मग म्हणाले, "फुल पॅन्ट घालून उभी राहा. गोलकीपरला चालती." बस, एवढंच. मला तेवढं पुरलं.

मॅचच्या दिवशी मी गोलात उभी राहिले तेव्हा मागं पलीकडच्या पेठेचे लोक बसले होते. त्यांनी मला सोडलं न्हाय. "ए पोरी, भाकरी करपली बघ घरी!" "अगं काळुंद्रे, बॉल दिसतोय का तुला?" समोरच्या पायऱ्यांवर पप्पा उभे होते, त्यांना शब्दनशब्द ऐकू जात होता. ते काहीतरी ओरडतील म्हणून मी वाट बघत होते, पण ते नुसते उभे राहिले, तोंड वाईट करून. मग एक उंच क्रॉस आला. आमच्या तिघी आणि त्यांच्या दोघी खाली जमल्या, आणि मी ओरडले, "माझा!" माझा आवाज मलाच ओळखू आला न्हाय. सगळ्या बाजूला झाल्या आणि मी बॉल छातीशी धरला. मॅच बरोबरीत सुटली. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "शाहूपुरीपर्यंत गेला असंल आवाज."

लगेच पुरुषांची फायनल सुरू झाली. मी बाईंच्या शेजारी बसले, पप्पा आमच्या पुढच्या पायरीवर. मनूच्या पायात बॉल आला आणि आमच्या बाजूनं परत ते आवाज निघाले. पप्पांच्या मित्रानं त्यांना कोपर मारलं. "काय रे, आज गप का?"

"घसा बसलाय माझा," पप्पा म्हणाले.

"आत्ता तर बोलत होतास की."

"आत्ताच बसला."

बाईंनी पर्समधनं आल्याची वडी काढली आणि मागनं पप्पांच्या हातावर ठेवली. पप्पांचा घसा ठणठणीत होता, ते त्या दोघांनाबी माहीत होतं. पप्पांनी वडी तोंडात टाकली आणि चघळत बसले. मॅच संपेपर्यंत एक शब्द बोलले न्हाईत.

मनूनं त्या दिवशी आमच्यावर गोल केला आणि आम्ही हरलो. पुढच्या आठवड्यात आईनं त्याला जेवायला बोलावलं. पप्पा आधी बाहेर जाऊन उगंच एक चक्कर मारून आले, मग त्याच्या शेजारी बसले, आणि तांबडा रस्सा स्वतः वाढला. माफी वगैरे कोण काय बोललं न्हाय. मनू म्हणाला, "काका, तिखट लई हाय." पप्पा म्हणाले, "मुद्दामच."

गल्लीतले बाकीचे लोक अजून ओरडतात. बाईंनाबी ते माहीत हाय. पण त्या सरावाला येतात, गुडघा दुखत असला तरी येतात, आणि नवीन पोरींच्या आया "बाई, तुम्ही कुठल्या?" म्हणून विचारतात तेव्हा न चिडता उत्तर देतात. मी त्यांना कधी चिडलेलं बघितलं न्हाय, आणि कधी सोडून दिलेलंबी बघितलं न्हाय.

बाई, तुमच्या साठीला आम्हा सगळ्या पोरींचा नमस्कार. तुम्हाला लई मोठं आयुष्य मिळू दे, गुडघं बरं राहू दे, रात्रीची झोप शांत लागू दे. पंच्याहत्तरीचं पुस्तक निघंल तेव्हा त्यातबी मीच लिहिणार, आत्ताच सांगून ठेवते. तुम्ही बिनधास्त पुढं खेळत राहा. मागं गोलात मी हाय.