अळणी पिठलं

धायरीतल्या आमच्या इमारतीचा जिना चढताना आज पिठल्याचा वास आला आणि पाय तिथेच थबकले. दिवसभर खराडीच्या ऑफिसात डोक्यात भरलेला कचरा त्या वासाने जरा बाजूला सरला. कार्यशाळा होती आज. विषय काय, तर सिम्पथी आणि एम्पथी यांतला फरक. सिम्पथी म्हणजे लांबून हळहळणं, एम्पथी म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतः उभं राहणं, असं एक गुळगुळीत आवाजाच्या बाई पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून समजावत होत्या. महिन्यापूर्वी माझी आई गेली, तेव्हा शोकसंदेशाच्या खालच्याच ओळीत 'ती फाइल कुठे आहे?' असं विचारणारे आमचे साहेब पहिल्या रांगेत भक्तिभावाने मान डोलवत होते. त्यांनाच मग सुचलं, "मॅडम, हिची मदर रिसेंटली गेली. शी कॅन शेअर." बाईंचे डोळे लकाकले. एका मुलीने 'माझ्या जागी' उभं राहायचं आणि मला काय वाटतंय ते सांगायचं, असा खेळ ठरला. मी म्हटलं, "माफ करा, माझी जागा रिकामी नाही." सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग सगळ्यांनी पनीरवर ताव मारला.

सुतकाच्या घरी माणूस गेलं त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो, ही आपल्याकडची जुनी रीत. आमच्याकडे तो समोरच्या काकूंनी आणला. आईशी त्यांचा कित्येक वर्षांचा अबोला. आईने एकदा हौसेने आमटी पाठवली, तर यांनी वाटी परत करताना विचारलं होतं, "मीठ घालायची पद्धत नाही का आपल्याकडे?" तेवढ्यावर दोघींचं बोलणं संपलं ते संपलंच. आम्ही स्मशानातून परतलो तेव्हा काकू डबा घेऊन दारात उभ्या होत्या. हळहळ नाही, पाठीवर हात नाही. "जेवून घ्या. आणि डबा घासून द्या," एवढंच बोलून गेल्या.

पिठलं ठार अळणी होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्या बाईवरही सूड उगवायचा? काही दिवसांनी डबा परत करताना मी मुद्दाम म्हटलं, "काकू, पिठल्यात मीठ नव्हतं."

त्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला, नीट घासलाय ना म्हणून. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माहीत आहे. मीही तेच जेवले." आणि दार लावून घेतलं.

आजचा वास त्यांच्याच दारातून येत होता. वासावरून मीठ कळत नाही. पण महिना झालाय, आता त्यांचा हात पुन्हा ठिकाणावर आला असेल, रोजचं जेवण चवीचं होत असेल. आईसाठी अळणी जेवणारं आता कुणीच उरलं नाही, असं मनात आलं आणि तिथेच, जिन्यात, मला रडू फुटलं.