न जळणाऱ्या वाती

मंडळी, आज देवळाच्या फळ्यावर अभंगाऐवजी हे लिहितोय.

ओढ्याकाठी कुठल्याशा कंपनीचा ट्रक अ‍ॅस्बेस्टॉसचा कचरा टाकून गेलाय. त्यातला कापसासारखा तंतू पिंजून माझ्या पत्नीने दिव्याच्या वाती वळल्या. वात जळून जात नाही, म्हणून गावभर वाटल्या.

सकाळी ती आणखी वाती वळत असताना शेजारचे दत्तोबा दारातच थबकले. अ‍ॅस्बेस्टॉसच्याच कारखान्यात राबून त्यांना आता बोलतानाही धाप लागते.

“वैनी, ठेवा ते खाली! हीच धूळ माझ्या छातीत बसलीया.”

“देवाच्या कामानं कुणाचं वाईट व्हतंय व्हय, भावजी?” ती हसली. तिच्या पापण्यांवरही पांढरी धूळ होती.

नेलेल्या वाती ओल्या फडक्यात गुंडाळून परत आणा. पण त्या जाळता येत नाहीत, आणि पवना नदीत सोडाव्यात तर खालची गावं तेच पाणी पितात. सांगा, ठेवू कुठे?