अहो, डावीकडे घ्या

ओमानमध्ये आम्ही बारा वर्षं राहिलो. त्यातल्या पहिल्याच पंधरवड्यातली ही गोष्ट आहे. साल शहाण्णव. नवरा रुसैलच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा आणि लग्नानंतर आठ महिने वाट बघून मी फॅमिली व्हिसावर मस्कतला आले होते. ईदची सुट्टी लागली तशी त्याने भाड्याची गाडी आणली. बेत त्यानेच आखला होता. समुद्राच्या कडेकडेने खाबुऱ्यापर्यंत जायचं, तिथून डोंगर ओलांडून पलीकडच्या इब्रीला उतरायचं आणि निझवाकडून घरी यायचं. गाडी देणाऱ्याने बजावलं होतं, ही डांबरी रस्त्याची गाडी आहे, खडीवर नेऊ नका. नवऱ्याने मान डोलावली आणि बाहेर आल्यावर नकाशावरच्या डोंगरातल्या तुटक रेघेवर बोट ठेवलं. "इथून गेलो की केवढा वळसा वाचतो बघ."

माझं डोकं पहिल्यापासून गरम. लहानपणी भावाच्या हाताला घेतलेला चावा त्याच्या लग्नाच्या फोटोतही दिसतो. त्यात मला गाडी चालवता यायची. माझे वडील टॅक्सी चालवायचे आणि त्यांनी मला अठराव्या वर्षी शिकवलं होतं, लालबागला आमच्या अख्ख्या चाळीत लायसन्सवाली मी एकटीच. ओमानमध्ये त्या लायसन्सला कोणी विचारत नव्हतं, पण माझ्या लेखी ड्रायव्हर मीच होते आणि नवरा शिकाऊ. तिथे सगळंच उलटं. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, स्टिअरिंग डावीकडे. मी बसले होते ती जागा आमच्याकडे चालवणाऱ्याची. माझा पाय सारखा ब्रेक शोधत होता आणि समोरून काही आलं की मी ओरडत होते, "अहो, डावीकडे घ्या!"

बरका येईपर्यंत तो हसला. सुवैकला त्याने रेडिओचा आवाज वाढवला. खाबुऱ्याला चहा प्यायला थांबलो तेव्हा तो माझ्याशी बोलत नव्हता. डोंगराकडे वळून खडी लागली, गाडीच्या पोटाला दगड आपटायला लागले आणि आमचं खरं भांडण सुरू झालं. त्याने नकाशा चुरगाळून माझ्या अंगावर फेकला. मी पाण्याची बाटली उघडून त्याच्या मांडीवर ओतली. त्याने डॅशबोर्डवर अशी मूठ हाणली की समोरच्या कप्प्याचं दार उघडून गंधाची डबी, रुमाल, सगळं माझ्या पायात आलं. आणि हे सगळं आम्ही अहो-जाहोत करत होतो, म्हणजे मी करत होते. "तुम्ही माणूस आहात का कोण आहात?" मी किंचाळले.

"तुझ्या बापाने शिकवलेलं ड्रायव्हिंग लालबागला ठेव," तो म्हणाला. "टॅक्सीवाल्याची पोर ती टॅक्सीवाल्याचीच पोर."

माझ्या कानात गरम काहीतरी वाहिल्यासारखं झालं. त्याच वेळी समोर आंधळं वळण आलं. इतका वेळ तो खड्डे चुकवत रस्त्याच्या मधून चालला होता, वळण बघून तो शिस्तीत उजवीकडे झाला. उजवीकडेच व्हायला हवं होतं. मला मात्र दिसलं ते एवढंच, की हा वेडा वळणावर चुकीच्या बाजूला चालला आहे आणि पलीकडून काही आलं तर आम्ही मेलो. "डावीकडे घ्या!" मी ओरडले. "गप बस!" तो ओरडला. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि सगळ्या ताकदीनिशी डावीकडे ढकललं. त्या ढकलण्यात भीती किती होती आणि बापाचा अपमान किती होता, हे मी इतक्या वर्षांत स्वतःलाही नीट सांगू शकलेली नाही.

समोरून काहीही येत नव्हतं. रस्ता रिकामा होता. गाडी डाव्या कडेवरून खाली कोरड्या नदीच्या दगडांत गेली, एक कोलांटी घेतली आणि पुन्हा चाकांवर आदळली. किती वेळाने कोण जाणे, मला शुद्ध आली तेव्हा काचेचा चुरा माझ्या तोंडात होता. दार उघडून मी चार पावलं चालले आणि गुडघ्यांवर पडले. तोंडातून रक्त थुंकलं. गाडीच्या पलीकडच्या बाजूला, जिथे तो होता, तिथून काहीच आवाज येत नव्हता. मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की नवऱ्याला नावाने हाक मारायची मला सवयच नाही. "अहो," मी म्हणाले. "अहो!" मारलं मी त्याला, एवढं एकच वाक्य डोक्यात घण घालत होतं.

तेवढ्यात गाडीला वळसा घालून एक म्हातारा आला. पांढऱ्या झग्यावर रक्त, डोकं उघडं. त्याने माझ्याकडे बघून दोन्ही तळवे एकमेकांवर झटकले आणि म्हणाला, "खलास. खलास."

लालबागला खलास म्हणजे मेला. दुसरा अर्थच नाही. अरबीत खलास म्हणजे झालं, संपलं, आता काळजी नको, हे ओमानमध्ये महिनाभर राहिलेल्या कोणालाही कळतं, पण मला तिथे येऊन तेरा दिवस झाले होते. माझ्या हाताखाली दगड होते. त्यातला एक उचलून मी त्या म्हाताऱ्याच्या कपाळावर हाणला. तो मागे कोलमडला तशी मी पुन्हा मारला, खांद्यावर, मग हातांनी, नखांनी, काय हाताला येईल त्याने. मी त्याला मराठीत शिव्या देत होते. हे सगळं मी केलं होतं आणि मारत त्याला होते. त्याने एकदाही हात उगारला नाही. शेवटी त्याने माझी दोन्ही मनगटं धरली आणि मला फरफटत गाडीच्या पलीकडे नेलं.

नवरा खडकाला टेकून बसला होता. डावा हात कोपरातून भलतीकडे वळलेला, त्याला म्हाताऱ्याच्या डोक्याचं फडकं घट्ट बांधलेलं. तोंड पांढरंफटक. नुकता शुद्धीवर येत होता. मला बघून तो म्हणाला, "भवाने, जिवंत आहेस?" मी त्याच्या पायांवर पडून गुरासारखी रडले.

म्हाताऱ्याने आम्हाला आपल्या पिकअपमध्ये घालून खाबुऱ्याच्या दवाखान्यात आणलं. सगळ्या वाटेत त्याच्या कपाळातलं रक्त भुवईवरून गळत होतं आणि तो बाहीने पुसत होता. दवाखान्यात तिघांना एकाच खोलीत बसवलं. थोड्या वेळाने पोलीस आला, तरणाताठा, चांगलं हिंदी बोलणारा. तो येताना दिसला तसा नवरा माझ्या कानाशी लागला. "स्टिअरिंगचं बोललीस तर संपलं. मी सांगतो ते ऐक." त्याने पोलिसाला सांगितलं की वळणावर अचानक बकरी आडवी आली.

पोलिसाने लिहून घेतलं आणि म्हाताऱ्याकडे वळला. बराच वेळ अरबीत चाललं होतं. कामावर अरबी शिकलेला नवरा खालच्या आवाजात मला सांगत होता. पोलीस विचारतोय, डोक्याला काय लागलं? म्हातारा म्हणतोय, खडकावर पडलो. पोलीस विचारतोय, त्या वळणावर बकऱ्या कोणाच्या? म्हातारा म्हणतोय, माझ्याच, तिथे दुसऱ्या कोणाच्या नाहीत. पण म्हणतोय, आज त्या बांधलेल्या होत्या, एकही सुटलेली नव्हती. मग नवरा स्वतःचं म्हणाला, "जनावर रस्त्यावर आलं तर दोष मालकाचा. गाडीचं सगळं त्याच्यावर जाणार."

म्हातारा माझ्याकडे बघत होता. त्याच्या कपाळाला सात टाके होते, माझ्या दगडाचे, आणि ते त्याने गिळून टाकले होते. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो वाट बघत होता. मी एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. एरवी भाजीवाल्यापासून सासूपर्यंत कोणालाही तोंडावर सोडत नाही अशी माझी ख्याती. पण मला जेल दिसत होता, विमान दिसत होतं, नवऱ्याची गेलेली नोकरी दिसत होती, आणि लालबागला बॅग घेऊन परत आलेली मी.

पोलीस माझ्याकडे वळला. "बहनजी, बकरी आपने भी देखी?"

"हां," मी म्हणाले.

"कौन से रंग की?"

"काली," मी म्हणाले. पोलिसाने ते लिहून घेतलं आणि कागद सहीसाठी म्हाताऱ्यापुढे सरकवला.