एक काढायची होती, दोन गेल्या

एकेचाळीस यायला पाहिजे होत्या, चाळीस आल्या. मी परत बघितलं. चाळीस. हात पदराला पुसले, जसं काय ओल्या हातानं आकडा चुकतो, आणि परत बघितलं. चाळीसच. म्हणजे काढायची वाट चालली खरी, पण माझ्या खोट्या बाईबरोबर एक खरी बाई पण घेऊन गेली. आणि ती कोण, ते मला म्हाईत न्हाय. कडेवरची पोरगी माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

थांबा, आधीचं सांगते, न्हायतर तुम्हाला कळायचं न्हाय.

मी नववीत शाळा सोडली. लग्न झालं, पोरगी झाली, ती आता दीड वर्षाची हाय. माणगावला बायकांचा कॉम्प्युटरचा क्लास निघाला तेव्हा सासूबाईच बोलल्या, जा, पोरीला मी बघते. तिथल्या मॅडमनी शेवटी सर्व्हर शिकवला, म्हणजे यादी सांभाळून इचारल्यावर उत्तर देणारं मशीन. रूट म्हणजे वाट, त्या बोलल्या. माणसांची यादी ठेवायची तर चार वाटा लागतात: बघायची गेट, नवीन टाकायची पोस्ट, बदलायची पुट, काढायची डिलीट. मला ते एकदम कळलं. आमच्या घराला पण विहिरीची वाट वेगळी, शेताची वेगळी, कोण कुठून आलं त्यावरून कळतं कशाला आलं. पहिल्यांदा मी लिवलेल्या वाटेवरून उत्तर आलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. सगळा क्लास हसला. हसू दे.

गावात आमच्या आशाताई हायत, गरोदर बायकांकडं बघणाऱ्या. कोण कुठल्या घरात हाय, तारीख कधीची, गाडी बोलवायची तर फोन कुठला, सगळं त्यांच्या वहीत. मी बोलले ताई, मी तुम्हाला हे मोबाईलवर करून देते. त्यांच्या वहीतल्या एकेचाळीस बायका मी एकेक करून पोस्ट केल्या. क्लासमधनं मिळालेला जुना लॅपटॉप पडवीत ठेवला, तोच सर्व्हर.

त्या दिवशी सकाळी ताई आल्या, पडवीत बसल्या, माझ्या हॉटस्पॉटला त्यांचा मोबाईल जोडला आणि स्वतः एक नोंद बदलली. पहिल्यांदाच. घेतलं गं यानं, असं बोलून इतक्या खूश झाल्या की चहा पण न पिता वरच्या वाडीत गेल्या. तिथं रेंज न्हाय. त्यांनी काय बदललं ते मी इचारलं न्हाय, मी पोरीचा भात कालवत होते.

मग मी टेस्ट घ्यायला बसले. टेस्टला एक खोटी बाई लागते. टाकायची, बघायची, बदलायची, काढायची. तिला नाव काय द्यायचं? मी माझं माहेरचं नाव दिलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवीन नाव लिवलं, तेव्हापासून ते जुनं नाव कोणाचंच न्हाय, मोकळं पडलंय. यादीत पण त्या नावाची कोण नव्हती, एकेचाळीस जणी टाकताना मीच बघितलेलं. टाकली. बेचाळीस झाल्या. बघितली, आली. घर बदललं, बदललं. मला असं वाटायला लागलं की मी काय पण करू शकते. मग काढली.

मॅडम सांगून थकल्या होत्या, नावानं काढू नका, नंबरानं काढा, प्रत्येकीला स्वतःचा नंबर हाय ना. मी त्यांच्याशीच वाद घातलेला, की ताईंना नंबर कुठं लक्षात राहणार, नावानं सोपं पडतं. आणि काढायची वाट नावानंच लिवलेली.

तर चाळीस. यादी जिथं साठते ती फाईल उघडली, फाईलमध्ये पण चाळीस. आता एकच जागा उरली. मला सवय हाय, प्रत्येक वाटेवर जे काय येईल ते काळ्या खिडकीत छापून घ्यायची. मॅडम त्यालाच ओरडायच्या, केवढा कचरा करतेस. पण ती खिडकी लॅपटॉप चालू हाय तोवरच, आणि लाईट पहाटेपासून गेलेली. बॅटरी सहा टक्के. त्यात पोरगी खाली उतरून बटणं दाबायला धावली. तिला एका पायानं अडवून मी खिडकी वर सरकवत गेले. वर, अजून वर. आणि सापडली. ताईंनी सकाळी केलेली पुट. अख्खी नोंद.

नाव माझंच. म्हणजे माझं जुनं. त्या नावाच्या दोघी झाल्या, आणि माझ्या वाटेनं दोघी काढल्या.

खालच्या आळीतली पोरगी. आगरदांड्याला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. वहीत तिचं सासरचं नाव होतं, म्हणून मला दिसलं न्हाय. मला मागनं कळलं, तिची आई ताईंना बोललेली, आमच्या दारात तिला त्या नावानं कोण वळखत न्हाय, आमचं नाव लिवा. ताईंनी नाव बदललं, घर बदललं, फोन आईचा टाकला. वहीत अजून सासरचंच घर. तारीख नऊ दिवसांवर.

कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलनं उतरवून घेतलं, मग टाईप केलं. दोनदा नंबर चुकला. पोस्ट केलं. एकेचाळीस. मी तिथंच बसून हसायला लागले, रडायला पण. आणि तीन टक्क्यांत काढायची वाट बदलली, नंबरावर. परत खोटी बाई टाकली, तेच नाव, मुद्दाम. बेचाळीस. काढली. एकेचाळीस, आणि खालच्या आळीतली जागच्या जागी. मग स्क्रीन काळी झाली. होऊ दे, फाईल लिवून झालेली.

दुपारी लाईट आली, ताई पण आल्या. मोबाईल जोडला आणि पहिलं त्याच पोरीला शोधलं. सापडली. ताईंचं तोंड असं फुललं, जसं काय त्यांचंच बाळंतपण सुखरूप झालं.

"मग आता वही घरी ठेवू ना गं? खांदा दुखतो पिशवीनं."

मी पोरीचं नाक पुसत बसले. सांगावं तर त्या परत या मोबाईलला हात लावायच्या न्हायत, आणि किती कष्टानं एक वाट चालायला शिकल्या होत्या. न सांगावं तर उद्या ती यादीतनं परत गळायची, वहीतलं जुनं घर बघून गाडी आगरदांड्याला जायची आणि पोरगी इथं खालच्या आळीत कळा देत बसायची.

"ठेवू नका, ताई," मी बोलले. "अजून महिनाभर दोन्ही ठेवा. वहीत पण तिचं घर बदला, आत्ताच."

"तुझाच तुझ्यावर भरवसा न्हाय व्हय?" त्या हसल्या. पण वही काढली आणि लिवलं.

का ते मी सांगितलं न्हाय. पोरगी सुखरूप बाळंत झाली, गाडी बरोबर घराला आली, आणि ताई वाडीवाडीत माझं कौतुक करत फिरतात. ते ऐकलं की मला वाटतं आत्ता सांगावं, आणि मग वाटतं, आता कशाला. अर्धं सांगितलं, अर्धं गिळलं. तुम्ही माझ्या जागी असता, पोर मांडीवर आणि ताई समोर हसतायत, तर तुम्ही अख्खं सांगितलं असतं काय?