देवस्थळ्यांचं मोहोळ

हरीश देवस्थळी रोज सकाळी ऑकलंडमधल्या न्यू लिनच्या स्टेशनपर्यंत चालत जायचा आणि तेवढ्या चालण्यात त्याला एखादा तरी धडा सापडायचाच. कुणाच्या कुंपणावर कोळी जाळं विणत बसलेला दिसला की झाला चिकाटीचा धडा. डेअरीवाल्याने, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याने, पावसात दुकानाबाहेर जुन्या छत्र्या मांडल्या की ग्राहकाची गरज ओळखण्याचा धडा. घरी दूध उतू गेलं तरी ओटा पुसायच्या आधी तो मोबाइलवर चार ओळी टिपून घ्यायचा, आणि ओटा मग त्याची बायको वसुंधरा पुसायची.

पुण्याहून तो आला तेव्हा साधा प्रोग्रामर होता. पुढे ऑकलंडच्या एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरच्या टीमचा लीड झाला आणि त्याच्या हाताखाली हक्काचे श्रोते आले. दर सोमवारी सकाळी टीमला त्याचा मेल जायचा. एकदा त्याने पुकेकोवर लिहिलं. पुकेको म्हणजे निळ्या अंगाचा, लाल चोचीचा, लांब तंगड्यांचा पाणपक्षी. ‘पुकेको रस्ता ओलांडताना मागे वळून पाहत नाही, त्याची नजर पलीकडच्या गवतावर असते. आपणही तसंच असावं.’ दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर तो पुकेको रस्त्याला चिकटून सपाट झालेला दिसला. त्यानंतर बरेच दिवस हरीश पलीकडच्या गल्लीतून स्टेशनला जात असे. मेल मात्र त्याने मागे घेतला नाही.

टीम चांगली होती. कुणी हसायचं, कुणी न वाचता खोडून टाकायचं. रणजित मात्र वाचायचा. रणजित मूळचा सांगलीचा. शिकायला म्हणून आला, रेसिडेन्सी मिळवली आणि इथलाच झाला. टीममधला सगळ्यात हुशार पोरगा. ऑफिसात बाकी सगळे हरीशला नावाने हाक मारत, रणजित मात्र मराठीत बोलताना ‘सर’ म्हणे. हरीशला ते आवडायचं. आपलं जे काही ज्ञान आहे ते एक दिवस याच्याच पदरात पडणार, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

दोन हजार पंधराच्या डिसेंबरात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, देवस्थळ्यांच्या मागच्या अंगणात मधमाश्यांची पेटी आली. कल्पना हरीशची होती. जवळच्या मधमाशी क्लबात जाऊन शिकली मात्र वसुंधरा. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची, हात स्थिर. पांढरा पोशाख चढवून, तोंडावर जाळी घेऊन ती पेटी उघडायची, चौकटी उचलून बघायची आणि हरीश काचेच्या सरकत्या दारामागे उभा राहून धडे घ्यायचा. दार बंद. वर पडदाही अर्धा ओढलेला. त्याच्यासाठी घेतलेला पोशाख गॅरेजमध्ये घडी न मोडता टांगलेला होता.

“एकदा बाहेर येऊन तर बघ,” वसुंधरा म्हणायची.

“लांबून बघितलं की पूर्ण चित्र दिसतं,” हरीश म्हणायचा.

त्या पूर्ण चित्रातून त्याने वर्षभर मेल लिहिले. राणीमाशी म्हणजे नेतृत्व. कामकरी माश्या म्हणजे निष्ठा. प्रत्येकीला आपलं काम माहीत, कुणाची कुरकुर नाही, कुणी पोळं सोडून जात नाही. हे मेल त्याची बॉस फिओना हिच्यापर्यंत पोहोचले. एरवी टीमचा एखादा दिवस बाहेर घालवायचा तर कुणीतरी तज्ज्ञ बोलावून सगळ्यांना दोरखंडाला लटकवण्याची पद्धत होती. हरीशने सुचवलं की या वेळी सगळ्यांनी शनिवारी माझ्या घरी या. मधमाश्यांकडून टीमवर्क शिकू आणि वर जेवण. फिओनाला जेवणाचं जास्त पटलं असावं. “स्वीट अ‍ॅज,” ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’, आणि ठरलं.

ऑक्टोबरचे दिवस होते. इकडचा वसंत भरात होता, शेजारच्या बॅरीच्या लिंबावर फुलं आली होती. त्या आठवड्यात वसुंधराने पेटी उघडून बघितली आणि आत येऊन हातमोजे काढता काढता म्हणाली, “आत फार गर्दी झालीय. नव्या राणीसाठी पेशी बांधायला घेतल्यात. पेटीची विभागणी करायला हवी, लगेच.”

“गर्दी म्हणजे ग्रोथ,” हरीश म्हणाला. “शनिवारी पेटी भरलेली दिसली पाहिजे. नंतर कर काय ते.”

“बाई गं,” वसुंधरा म्हणाली. हे ती त्याला नाही, राणीमाशीला म्हणाली असावी.

शनिवारी ऊन लख्ख पडलं. टीम आली, बाहेर जँडल्सचा, म्हणजे रबरी सपातांचा, आणि बुटांचा ढीग पडला. फिओनाची नवी लाल गाडी ड्राइव्हवेमध्ये लागली. वसुंधरा स्वयंपाकघरात बटाटेवडे तळत होती आणि हरीशने टीव्हीला लॅपटॉप जोडून स्लाइड सुरू केल्या. फिओना सोफ्यावर, बाकीचे गालिच्यावर. रणजित दाराजवळच्या खुर्चीत बसला होता आणि सकाळपासून कसल्या तरी विचारात होता. आपलं बोलणं त्याच्या मनाला भिडतंय, असा हरीशने त्याचा अर्थ लावला.

‘निष्ठा’ नावाची स्लाइड पडद्यावर आली. “विचार करा,” हरीश इंग्रजीत सांगू लागला, “हजारो माश्या, आणि एकीलाही राजीनामा द्यावासा वाटत नाही. का?”

तेवढ्यात त्याची मुलगी ईशा मागच्या दारातून आत आली. ती चौदा वर्षांची होती, मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत.

“डॅड, युअर बीज आर लीव्हिंग.”

“कामाला निघाल्या असतील, राजा,” हरीश म्हणाला.

“नो. लाइक, लीव्हिंग लीव्हिंग.”

मग सगळ्यांनाच आवाज ऐकू आला. घरावरून लांबलचक मालगाडी चालल्यासारखा. सगळे काचेच्या दाराशी धावले. पेटीच्या तोंडातून माश्या पाण्यासारख्या बाहेर सांडत होत्या आणि अंगणावर त्यांचा गरगरता ढग झाला होता. तो ढग उठला, बॅरीच्या लिंबावर जरा घुटमळला, घराला वळसा घालून पुढे आला आणि फिओनाच्या लाल गाडीच्या उजव्या आरशाभोवती गोळा व्हायला लागला. सगळे पुढच्या खिडकीशी पोहोचेपर्यंत आरसा दिसेनासा झाला होता. त्याच्या जागी फणसाएवढा, तपकिरी, जिवंत, हलणारा गोळा लोंबू लागला.

“दॅट्स माय कार,” फिओना म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, “हरीश, हे निष्ठेतच मोडतं का?”

वसुंधरा झारा हातात घेऊन बाहेर आली. तिने एक नजर टाकली आणि फिओनाला समजावून सांगितलं. पोळ्यात गर्दी झाली की जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन नवं घर शोधायला निघते. खरं तर निघते कसली, कामकरी माश्याच तिला काढतात. आधी तिचं खाणं कमी करतात, उडता येईल इतकी हडकुळी करतात आणि मग घराबाहेर घालवतात.

“बॉसला?” फिओनाने विचारलं.

“बॉसलाच.”

टीममध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. हरीशने मागे जाऊन टीव्ही बंद केला.

वसुंधराने क्लबला फोन लावला. वसंतातला शनिवार, निम्म्या ऑकलंडची मोहोळं त्याच दिवशी उठली होती. माणूस यायला संध्याकाळ होईल म्हणाले. आणि फिओनाला मुलाला क्रिकेटच्या सरावाहून आणायला निघायचं होतं.

“मीच उतरवते,” वसुंधरा म्हणाली आणि तेवढ्यात तिला शेगडीवरचं तेल आठवलं. ती आत पळाली ती धुराच्या लोटात दिसेनाशी झाली. आतून आवाज आला, “हरीश! पोशाख गॅरेजमध्ये आहे! घाल आणि लाग कामाला! भरल्या पोटी निघालेल्या माश्या सहसा चावत नाहीत!”

‘सहसा’ हा शब्द हरीशच्या कानात बराच वेळ घुमत राहिला. पण अख्खी टीम त्याच्याकडे बघत होती, आणि वर्षभर त्यानेच त्यांना धैर्यावर मेल पाठवले होते. तो गॅरेजमध्ये गेला. पोशाखाची घडी मोडली. पाय उलटे घातले, काढले, पुन्हा घातले. जाळीचा टोप डोक्यावर बसवून बाहेर आला तेव्हा मागून वसुंधराचा जुना टोप आणि हातमोजे चढवून रणजितही येऊन उभा राहिला होता.

“मी खोकं धरतो, सर.”

दोघं गाडीपाशी गेले. रणजितने आरशाखाली पुठ्ठ्याचं मोठं खोकं धरलं. हरीशने दोन्ही हातांनी आरशाची चौकट पकडली. वसुंधराने खिडकीतून सांगितलं होतं की एकच जोरदार हिसका द्यायचा, पण त्याआधी जरा थांबायचं, राहिलेल्या माश्या बसू द्यायच्या. हलायचं नाही, ओरडायचं नाही. हरीश हलत नव्हता. त्याच्या जाळीवरून एक माशी सावकाश चालत गेली. तिचं पोट त्याला अगदी जवळून दिसलं.

“सर,” रणजित हळू आवाजात म्हणाला, “ही वेळ नाही, पण तुमचे दोन्ही हात अडकलेत म्हणून सांगून टाकतो. मला वेलिंग्टनला नोकरी मिळालीय. मी जातोय.”

हरीशच्या तोंडून फक्त “हं?” एवढंच निघालं.

“तिथे शेजारीच लोअर हट नावाच्या गावात घर बघतोय. बरेच दिवस सांगायचं होतं. पण तुमच्याकडे काही सांगायला आलं की तुम्ही एखादा प्राणी काढता.”

“प्राणी?”

“सर्व्हर पडला तेव्हा मुंग्या. प्रमोशनचं विचारलं तेव्हा पोहुतुकावाच्या झाडाची मुळं. बाबांचं ऑपरेशन होतं, मी रजा मागायला आलो, तेव्हा तुम्ही मला गॉडविट पक्षी अलास्कापासून इथवर न थांबता कसा उडतो ते सांगितलंत. रजा दिलीत, नाही असं नाही. पण तो पक्षी इथे पोहोचेपर्यंत माझी त्या रात्रीच्या विमानातली जागा गेली. मी दुसऱ्या दिवशी निघालो.”

हरीशला ते आठवलं. त्या दिवशी आपण छान बोललो होतो, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं होतं. जाळीच्या आत त्याचे कान तापले. काहीतरी मोठं, समजूतदार बोलावंसं वाटलं आणि त्याने श्वासही घेतला, पण माशी नेमकी त्याच्या तोंडासमोर येऊन थांबली होती.

“आता!” खिडकीतून वसुंधरा ओरडली.

हरीशने हिसका दिला. गोळा धपकन खोक्यात पडला. रणजित वजनाने वाकला, पण त्याने खोकं सोडलं नाही. भोवती माश्याच माश्या झाल्या. हरीशने एक पाय मागे घेतला आणि पुढच्याच क्षणी त्याला कळलं की आपल्याला मजा येतेय. राणी खोक्यात पडली होती. हवेतल्या माश्या हळूहळू तिच्यामागे आत चालत जायला लागल्या, वरातीसारख्या. काचेमागे टीमने टाळ्या वाजवल्या.

मोहोळ पुरतं आत जाईपर्यंत खोकं तिथेच ठेवायला हवं होतं. फिओना वड्यांची पुडी घेऊन दुसऱ्याच्या गाडीतून क्रिकेटच्या मैदानाकडे गेली, टीम पांगली. हरीश आणि रणजित पायरीवर टोप काढून बसले.

“बाबा कसे आहेत आता?” हरीशने विचारलं. वर्ष उलटून गेलं होतं आणि हा प्रश्न तो पहिल्यांदा विचारत होता.

रणजित सांगायला लागला. ऑपरेशन, नंतरची पथ्यं, चोरून खाल्लेली भजी, आईची चिडचिड. हरीशने मध्ये एकदा तोंड उघडलं, समोरच्या खोक्याकडे बघितलं आणि मिटलं. रणजितचं सांगून होईपर्यंत ऊन उतरलं होतं आणि वसुंधराने दोन वेळा चहा आणून दिला होता.

त्या सोमवारी टीमला मेल गेला तो असा: ‘रणजित वेलिंग्टनला चालला आहे. त्याच्या शेवटच्या दिवशी तीन वाजता केक आहे. सगळ्यांनी या.’ तब्येत बरी आहे ना, असं विचारायला फिओना स्वतः उठून हरीशच्या टेबलापाशी आली.

देवस्थळ्यांकडे आता दोन पेट्या झाल्या. हरीश रोज सकाळी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहू लागला, कधी टोप घालून, कधी विसरून. रणजितच्या निरोपाच्या दिवशी तो विसरला होता. वरच्या ओठावर डंख बसला आणि दुपारपर्यंत ओठाचं वांगं झालं. त्याने भाषण तयार केलं होतं. उभा राहिला, सगळ्यांकडे बघितलं आणि बोबड्या आवाजात एवढंच म्हणाला, “रणजित, यू डिड गुड वर्क. वी विल मिस यू.” पुढचं बोलताच येईना. टाळ्या बराच वेळ चालल्या. आपल्या आजवरच्या कुठल्याच भाषणाला एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या, हे हरीशने मोजल्यावाचूनही ओळखलं.

दोन वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, देवस्थळी कुटुंब गाडी घेऊन लोअर हटला रणजितकडे गेलं. त्याचे आईवडील सांगलीहून आले होते. वडील, सुधाकरकाका, टुणटुणीत झाले होते. नोकरीभर सहकारी बँकेत होते, आता निवृत्त. संध्याकाळी सगळे नदीकाठी फिरायला निघाले. एक बदकीण पिल्लांची रांग घेऊन पाण्यात उतरत होती. हरीशने तिच्याकडे बघितलं, मग रणजितकडे बघितलं आणि जीभ चावली.

सुधाकरकाका थांबले. काठी वाळूत रोवली.

“देवस्थळी, ती बदकीण बघा,” ते म्हणाले. “शाखा व्यवस्थापक असा असावा. सगळ्यात आधी स्वतः पाण्यात.”

रणजितने कपाळावर हात मारला. “बाबा, नको ना,” तो म्हणाला, पण काका सुरू झाले होते. बदकीण, पिल्लं, ठेवी, कर्जवसुली, माणसाचा स्वभाव. हरीश मान डोलावत ऐकत राहिला. सगळ्यात मागे राहिलेलं पिल्लू प्रवाहाबरोबर भलतीकडेच निघालं, तसं मात्र त्याला राहवेना.

“काका, तुमचं चुकतंय,” तो म्हणाला. “नेत्याने मागे असायला पाहिजे. आता मधमाश्यांचंच घ्या.”

“मधमाश्यांचं मला सांगू नका,” काका म्हणाले आणि काठी उचलून त्याच्याकडे वळले.

बदकीण तोवर पिल्लाला घेऊन वळणाआड गेली होती. वसुंधरा, ईशा आणि रणजितची आई गाडीकडे चालू लागल्या. रणजित थोडा वेळ दोघांच्या मध्ये उभा राहिला, मग तोही त्यांच्या मागोमाग गेला. गाडीत बसून चौघांनी बेकरीतले गरम पॅटिस खाल्ले. काठावर दोन माणसं एकाच वेळी हातवारे करत बोलत होती आणि दोघांपैकी कुणीच ऐकत नव्हतं.