कोरीटचा ओतारी आणि आमचा लघुपट

नंदुरबार स्टेशनवर उतरतानाच ठरवलं होतं, इथं कोणाच्याही बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही. मी नाशकात चित्रकला शिकवतो. मुंबईच्या एका संग्राहकाकडची पुरातन म्हणून मिरवणारी पितळी देवी नवी निघाली होती आणि ती कोरीट गावी ओतल्याची कुणकुण होती. नकली कलावस्तूंवर लघुपट काढणारे दिग्दर्शक दळवी त्या देवीसकट मलाही जाणकार म्हणून सोबत घेऊन निघाले.

बैलगाडीच्या वाटेवर वाळत घातलेल्या मिरच्यांचा खकाणा उडत होता. खोकत खोकतच मी गाडीवानाला ओताऱ्याचं घर विचारलं.

"कसाले?" (कशाला?) तो म्हणाला.

मला त्यातही काळंबेरं दिसलं.

सुपडू ओतारी सत्तरीचे, डोक्याला लाल पागोटं. ओसरीत तशाच चेहऱ्याच्या तीन देवी मांडलेल्या. मी आमची देवी पुढे ठेवली.

"मन्हाच हातनी शे," (माझ्याच हातची आहे) ते लगेच म्हणाले. "जुनी कोन म्हने? एक शेठ लई गया व्हता." (एक शेठ घेऊन गेला होता.) त्यांनी ती उलटी केली आणि त्यांचा चेहरा उतरला. "खाले मन्ही मासोळी ऱ्हास. कोनी घसी टाकं." (खाली माझी मासोळीची खूण असते, कोणीतरी घासून टाकली.)

ओसरीतल्या तिन्ही देवींच्या बैठकीखाली बोटभर मासोळी कोरलेली होती. आमच्या देवीखाली कानशीचे ओरखडे. तरी वाटलं, इतकं सरळ बोलणारा माणूस नक्की काहीतरी लपवतोय. त्यांच्या सुनेनं कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि वांग्याचं भरीत वाढलं, तेही मी बिचकतच खाल्लं.

दळवींनी कॅमेरा लावून सुपडूबाबांचा चेहरा टिपला. मग म्हणाले, "आता ही मूर्ती उकिरड्यात पुरा. पितळ जुनं दिसायला लोक असंच करतात ना?"

"देवले कोनी उकिरडामा पुरस का?" म्हातारा उठून आत गेला.

दळवी माझ्या कानाशी आले. "पागोटं तेवढं मागून आणा. पाठमोरा गाडीवान चालेल."

मी आत गेलो. "बाबा, पागोट्याचं चित्र काढायचंय," म्हणालो.

"लई जा ना, भाऊ." बोडक्या डोक्यानं ते भट्टीपाशी बसले.

गाडीवान ते पागोटं बांधून उकिरडा उकरू लागला. कॅमेऱ्याचा दांडा फिरत होता.

परतीच्या आगगाडीत मी दळवींना म्हणालो, "तो तुकडा कापून टाका."

"अहो, चित्र आहे, कोर्टातली साक्ष नव्हे," ते हसले आणि खिडकीला टेकून झोपी गेले.

काही महिन्यांनी नाशकात दुपारच्या खेळाला तो लघुपट लागला. पडद्यावर आधी सुपडूबाबांचा चेहरा, मग कृष्णधवल चित्रात लाल की काळं ते न कळणारं पागोटं आणि पाठमोरा गाडीवान. निवेदक भारदस्त आवाजात म्हणाला, "असा फसवतो हा कारागीर!" लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मी उभा राहिलो. "खोटं आहे हे! तो माणूस दुसराच आहे!"

"खाली बसा!" मागून ओरडा झाला. शेजारच्या गृहस्थांनी मात्र हळूच विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक?"

खानदेशात सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता, एक मी सोडून.

"पागोटं मीच मागून आणलं होतं," मी म्हणालो.