कलकत्त्याला गेलेला व्हॉल्व्ह

लढाई संपली आणि भिंगारच्या छावणीतलं आमचं वायरलेस स्टेशन बंद झालं. साहेब लोक गेले, बाकीचे मेकॅनिक आपापल्या गावी गेले. सामानाची विल्हेवाट लागेपर्यंत राखण करायला मला ठेवलं. बायको लढाई चालू असतानाच पुणतांब्याला माहेरी तापाने गेली होती, मूलबाळ नव्हतं. दिवसचे दिवस कुणाशी बोलणं व्हायचं नाही. एकटेपणा अंगवळणी पडतो म्हणतात. मला काही पडला नाही.

संदेश पाठवणाऱ्या ट्रान्समीटरला विजेच्या दिव्यासारखे, पण हातभर उंचीचे काचेचे व्हॉल्व्ह लागत. त्यातला एक कोरा गोदामात वर्षभर पडून होता. अशा पडून राहिलेल्या व्हॉल्व्हला एकदम कामाला जुंपायचं नसतं. आधी नुसती आतली तार दिवसभर तापत ठेवायची, मग विजेचा मोठा दाब थोडा थोडा चढवायचा. घाई केली की आत ठिणगी पडते आणि खेळ खलास. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, दोन व्हॉल्व्ह घालवून कळलं होतं.

एक दिवस सरकारी चिठ्ठी घेऊन कलकत्त्याचे एक प्रोफेसर आले. मूळचे पुण्याकडचे. अणूहून बारीक कण गोल फिरवून त्यांचा वेग वाढवायचं यंत्र ते तिथे उभारत होते, आणि त्यासाठी त्यांना हा व्हॉल्व्ह हवा होता.

"झोपाळ्याला दर फेरीला हात देतो ना आपण?" ते म्हणाले. "तसा हा कणांना हात देणार. सेकंदाला लाखो वेळा."

दोन दिवस ते माझ्याकडे पिठलं-भाकरी खात होते आणि आम्ही बोलत होतो. वर्षभरात मी तेवढं बोललो नव्हतो. हा माणूस मला 'चला बरोबर' म्हणणार, असं मी धरूनच चाललो. ट्रंक झटकून ठेवली. हसा खुशाल.

बाजारातल्या सुताराने पेटी केली. व्हॉल्व्ह उभा, चारी बाजूंनी स्प्रिंगांवर टांगलेला. खिळे ठोकून झाल्यावर तो प्रोफेसरांदेखत म्हणाला, "लई झ्याक झालं, मास्तर. आता तुमीबी जानार न्हवं का ह्यांच्या संगं?"

मी प्रोफेसरांकडे पाहिलं. ते पेटीची दोरी तपासत बसले. मला असा संताप आला!

नगर स्टेशनवर गाडीत पेटी चढवल्यावर त्यांनी विचारलं, "व्हॉल्व्हबद्दल आणखी काही सांगायचं राहिलं का?"

"नाही," मी म्हणालो.

दीड महिन्याने पत्र आलं. दाब देताच आत ठिणगी पडून व्हॉल्व्ह गेला होता. 'वाटेत धक्का बसला असावा, तुमच्या बांधणीचा दोष नाही, मनाला लावून घेऊ नका,' असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं, 'तुम्हाला इकडे बोलावून घ्यायची मंजुरी मागितली होती. ती हातात पडेपर्यंत उगीच आशा लावू नये म्हणून तिथे गप्प राहिलो. मंजुरी आली, पण आता व्हॉल्व्हच नाही, दुसरा मिळेपर्यंत काम बंद.'

पत्र हातात धरून मी रिकाम्या गोदामात बसलो आणि ओक्साबोक्शी रडलो. मग खरं लिहायला बसलो. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, 'होय, धक्का वाटेतच बसला असावा,' आणि ते पाकीट पोस्टात टाकून आलो.